लेकीला परदेशी धाडण्याआधी

 

गटाचा हप्ता, शेळीपालन, परसबाग, सरकारी योजना असं आपण या कार्यक्रमात नेहमी बोलतो. आज जरा लांबचा विषय आहे. कॉलेज झाल्यावर पुढं शिकायला परदेशी जाणं. तुम्ही म्हणाल, त्याच्याशी आपला काय संबंध? दोन वर्षांपूर्वीपर्यंत आम्हीही असंच म्हणायचो. मग एका मासिक बैठकीत हा विषय आमच्या सतरंजीवर येऊन बसला.

आमच्या एका गटातली ताई बैठकीला आली ती हातात कागदांची पिशवी घेऊनच. बचत भरली, सही केली आणि म्हणाली, "मला कर्ज नको. एवढंच सांगा, या कागदावर सही करू का नको?"

तिची लेक बीएस्सी ॲग्री झालेली. गाव कृष्णाकाठचं. पाणी भरपूर, ऊस भरपूर, पण पाणी देऊन देऊन जमीन क्षारपड झालेली. यांची अडीच एकर जमीन, त्यातली निम्मी पांढरी पडून गेली. ते बघतच पोरगी मोठी झाली. तिला मातीचंच पुढचं शिक्षण घ्यायचं होतं, आणि त्यासाठी जर्मनीला जायचं होतं. शहरातल्या एका एजंटाने सगळं जमवून देतो म्हणून सांगितलं होतं. कॉलेजची दोन वर्षांची फी सोळा लाख, राहण्याखाण्याचे बारा लाख, एजंटाचे दीड लाख. एकूण साडेएकोणतीस लाख. एवढे पैसे आणायचे कुठून? तर त्याच्याच ओळखीचा एक माणूस वीस लाख द्यायला तयार होता. चांगली उरलेली सव्वा एकर त्याला गहाण लिहून द्यायची.

सातबाऱ्यावर नवऱ्याबरोबर ताईचंही नाव होतं, म्हणून गहाणखतावर तिची सही लागत होती. नवरा तयार, लेक रडकुंडीला आलेली, एजंट म्हणतोय आठ दिवसांत पैसे भरा, नाहीतर सीट जाईल. तायांनो, सातबाऱ्यावर बाईचं नाव कशाला हवं असं कोणी विचारलं तर ही गोष्ट सांगा. तिचं नाव होतं म्हणून तिला थांबून विचारता आलं.

आम्ही तिला सही कर म्हणालो नाही आणि नको करू असंही म्हणालो नाही. आपल्या गटात कोणी कर्ज मागितलं की आपण काय विचारतो? कशासाठी हवं, किती हवं, फेडणार कसं, जामीन कोण. तेच प्रश्न इथं विचारायचं ठरलं. आठ दिवसांची मुदत एजंटाने घातली होती, आमच्या गटाने नव्हती. लेकीलाच बैठकीला बोलावलं. ती मोबाईल घेऊन बसली, आम्ही वही घेऊन बसलो.

पहिला प्रश्न, कॉलेज कोणाचं? एजंटाने सुचवलेलं कॉलेज खासगी निघालं. लेकीने शोधलं तेव्हा कळलं की जर्मनीत सरकारी विद्यापीठं आहेत आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यांनाही शिकवण्याची फी नाही. प्रत्येक सत्राला काहीशे युरो वर्गणीसारखे भरायचे असतात, तेवढेच. सगळीकडे मात्र असं नाही. त्या देशातल्या बाडेन व्युर्टेम्बर्ग नावाच्या एका राज्यात आपल्यासारख्या देशांतून आलेल्यांना सत्राला १,५०० युरो फी आहे. शेतीसाठी नावाजलेलं होहेनहाइम विद्यापीठ त्याच राज्यात येतं. दुसऱ्या राज्यातल्या ग्योटिंगेन विद्यापीठातही शेतीचं शिक्षण आहे आणि तिथं ही फी नाही. एकाच देशात एवढा फरक. तो एजंटाने सांगितला नव्हता. का सांगेल? अशा खासगी कॉलेजांकडून एजंटाला दर विद्यार्थ्यामागे दलाली मिळते, सरकारी विद्यापीठाकडून सहसा मिळत नाही.

दुसरा प्रश्न, ते बारा लाख कशाचे? आम्हाला वाटलं तीही फीच. तसं नव्हतं. विद्यार्थ्याकडे वर्षभर राहण्याखाण्यापुरते पैसे आहेत हे दाखवल्याशिवाय जर्मनी व्हिसा देत नाही. त्यासाठी विद्यार्थ्याच्याच नावावर एक खातं उघडतात आणि त्यात वर्षाचे ११,९०४ युरो ठेवतात. युरो शंभर रुपयांचा धरला तर बारा लाखांच्या आसपास. तिकडं गेल्यावर दर महिन्याला त्यातले ९९२ युरो हातात येतात. म्हणजे हे पैसे कोणाला द्यायचे नसतात, आपलेच आपल्यासाठी ठेवायचे असतात. व्हिसा मिळाला नाही तर परत मिळतात. ही रक्कम अधूनमधून वाढते, तेव्हा ज्या वर्षी जायचं त्या वर्षीची विचारायची.

तिसरा प्रश्न, एजंटाचे दीड लाख कशाचे? वहीत एकेक खर्च लिहिला. आपल्या गुणपत्रिका खऱ्या आहेत याची तपासणी करून घ्यावी लागते, त्या प्रमाणपत्राला एपीएस म्हणतात, त्याचे १८,००० रुपये. इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षा, तीही साधारण तेवढ्याचीच. बऱ्याच विद्यापीठांचे अर्ज एका सामायिक संस्थेमार्फत जातात, तिथं पहिल्या अर्जाला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०. व्हिसाची फी ७५ युरो. सगळं मिळून पन्नास-पंचावन्न हजारांच्या आत. आणि हे सगळे अर्ज विद्यार्थी स्वतः करू शकतो. सगळे एजंट लबाड असतात असं आम्ही म्हणत नाही. कोणाची मदत घ्यायचीच असेल तर कोणत्या कामाचे किती, हे लिहून घ्या आणि प्रत्येक पैशाची पावती घ्या. तो पावती देत नसेल तर तिथून उठून या.

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कर्ज कोणाचं आणि कशावर? आम्ही ताईला घेऊन बँकेत गेलो. तिथल्या साहेबांनी सांगितलं, शैक्षणिक कर्जाला आम्ही शेतजमीन तारण घेत नाही. घर, बिनशेती प्लॉट, मुदत ठेव चालते. बऱ्याच बँकांची हीच रीत आहे. आता विचार करा. बँक जी जमीन घेत नाही, ती घ्यायला हा माणूस एवढा उतावीळ का? व्याज विचारलं तर शेकडा महिना तीन. म्हणजे वीस लाखांवर महिन्याला साठ हजार नुसतं व्याज. वर्षाला सात लाख वीस हजार. पोरगी शिकून येईपर्यंत जमीन त्याचीच झाली असती. सावकारीचा परवाना दाखवा म्हटल्यावर तो माणूस पुन्हा फिरकला नाही. आपल्या राज्यात २०१४ च्या कायद्याने सावकाराला परवाना लागतो, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा.

पाचवा प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही, पण विचारायचाच. जमलं नाही तर? पोरगी आजारी पडली, नापास झाली, लगेच नोकरी लागली नाही, तर काय विकून फेडणार? ज्याचं उत्तर राहतं घर किंवा पोटाची जमीन असं येतं, ते कर्ज घेऊ नये.

बैठकीत दुसरेही सूर निघाले. एक काकू म्हणाल्या, "परदेशी गेलेल्या पोरीला स्थळ कोण देणार?" दुसरी म्हणाली, "पोराला पाठवायचं असतं तर एवढे प्रश्न काढले असते का?" त्यावर थोडा वेळ कोणी बोललं नाही. खरं सांगायचं तर पोरासाठी गहाणखतावर डोळे झाकून सह्या झालेल्या आम्ही पाहिल्या आहेत. प्रश्न दोघांसाठी सारखेच विचारायचे. आणि होकारही दोघांना सारखाच द्यायचा.

हे काही आजचं नाही. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ चा, आपल्या नाशिकचा. पुण्यात डेक्कन कॉलेजात शिकल्या, परीक्षेत पहिल्या आल्या. विलायतेला शिकायला जायची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळायला हवी होती. मुलगी म्हणून नाकारली. मग विलायतेतल्या काही लोकांनी वर्गणी काढली आणि त्या १८८९ मध्ये ऑक्सफर्डला पोचल्या. १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली. पदवी हातात पडायला मात्र १९२२ साल उजाडलं, कारण १९२० पर्यंत तिथं बायकांना पदवीच देत नसत. त्याच १८९२ मध्ये जमशेटजी टाटांनी परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी निधी सुरू केला. त्यातून गेलेल्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत दोन महिला डॉक्टर होत्या, फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. तो जे. एन. टाटा निधी अजून चालू आहे. तो कर्जाच्या रूपाने मदत करतो आणि पदवीधर मुलामुलींना अर्ज करता येतो.

शिष्यवृत्तीचं आता नीट ऐका. मुलींनो, वही घ्या.

आपल्या राज्य सरकारच्या परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी समाजकल्याण खात्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. अनुसूचित जमातींसाठी आदिवासी विकास विभागाची. इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी बहुजन कल्याण विभागाची. मराठा, कुणबी मुलामुलींसाठी सारथीमार्फत महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची. खुल्या प्रवर्गासाठी उच्च व तंत्रशिक्षण विभागाची.

केंद्र सरकारचीही राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, १२५ जागांची. ती मुख्यतः अनुसूचित जातींसाठी, पण थोड्या जागा विमुक्त-भटक्यांसाठी आहेत आणि चार जागा भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी. दुसऱ्याच्या रानात रोजाने जाणाऱ्या बाईच्या पोरीसाठी सरकारने जागा ठेवली आहे आणि आपल्याला कोणी सांगितलंच नाही. तीस टक्के जागा मुलींसाठी आहेत. घरचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत, पदवीला साठ टक्के, वय पस्तिशीच्या आत. आदिवासी मुलामुलींसाठी केंद्राची वीस जागांची वेगळी शिष्यवृत्ती आहे.

काही शिष्यवृत्त्या ते देशच देतात. इंग्लंडची चेव्हनिंग एक वर्षाच्या शिक्षणाचा सगळा खर्च देते, पण दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागते आणि शिकून झाल्यावर निदान दोन वर्षं मायदेशी परत राहावं लागतं. युरोपातल्या देशांची मिळून इरॅस्मस मुंडस आहे, तिच्यात महिन्याला १,४०० युरो मिळतात आणि शिक्षण एकापेक्षा जास्त देशांत होतं. जागा थोड्या आणि अर्ज जगभरातून, म्हणून एकीवरच भरवसा ठेवायचा नाही. नियमही बदलत असतात. त्या त्या वर्षीची जाहिरात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची.

यातून एक गोष्ट ध्यानात आली असेल. बहुतेक शिष्यवृत्त्या पदवीनंतरच्या शिक्षणाला आहेत. बारावीनंतर लगेच जायचं तर खर्च सगळा घरावर पडतो. म्हणून पदवी इथं करा, चांगल्या गुणांनी करा आणि मग पुढचं बघा. डॉक्टरकीसाठी बारावीनंतर परदेशी पाठवणाऱ्यांनी तर फार जपून. आधी नीट परीक्षा पास असावी लागते. तिकडचं शिक्षण इंग्रजीतून आणि निदान ५४ महिन्यांचं हवं, वर षभराची इंटर्नशिप तिकडंच करावी लागते. परत आल्यावर इथली पात्रता परीक्षा पास झाल्याशिवाय दवाखाना थाटता येत नाही. हे न सांगणाऱ्याच्या हातात पैसे देऊ नका.

आणि खोट्या कागदाला हात लावू नका. "बँकेत पैसे आहेत असं आम्ही दाखवतो, तुम्ही काळजी करू नका," असं कोणी म्हणालं तर काळजीच करा. २०२३ मध्ये कॅनडात आपल्या देशातल्या कितीतरी विद्यार्थ्यांवर परत पाठवले जायची वेळ आली, कारण एजंटाने दिलेली प्रवेशपत्रं खोटी निघाली. पोरं शिकून नोकरीला लागल्यावर हे उघडकीला आलं. म्हणून प्रवेशपत्र आलं की त्याच्यावरचा पत्ता न वापरता, विद्यापीठाच्या मूळ संकेतस्थळावरचा पत्ता शोधून विचारायचं, हे पत्र तुमचंच का?

आता पुन्हा आमच्या ताईकडे येऊ. त्या वर्षी लेक गेली नाही. सरकारी विद्यापीठाच्या अर्जाची मुदत संपत आली होती आणि एपीएस हातात नव्हतं. त्यात एक वेगळंच झेंगट निघालं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि वडिलांच्या नावात एका अक्षराचा फरक. ते दुरुस्त करून पासपोर्ट काढण्यातच तीन महिने गेले. पोरगी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. तिला वाटायचं, गटाच्या बायकांनी माझं वर्ष घालवलं. आम्हालाही रात्री झोप लागायची नाही. खरंच आपण तिची वाट अडवली तर नाही ना?

ते वर्ष तिने एका माती परीक्षण प्रयोगशाळेत नोकरी केली. संध्याकाळी इंग्रजीचा अभ्यास केला. पुढच्या वर्षी वेळेत अर्ज केले आणि दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. एका ठिकाणी सत्राची १,५०० युरो फी होती, दुसऱ्या ठिकाणी नव्हती. दुसरं निवडलं. शिष्यवृत्तीचा अर्जही केला होता. ती मिळाली नाही. प्रतीक्षा यादीत नाव राहिलं आणि वर येईपर्यंत यादी संपली.

मग हिशेब मांडला. खात्यात ठेवायचे बारा लाख, विमान, विमा, व्हिसा आणि पहिल्या महिन्याचे दीड लाख. साडेतेरा लाख. बँकेकडून विनातारण शैक्षणिक कर्ज साडेसात लाख, मामा जामीन राहिले. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून केला. लेकीच्या पगारातले सव्वा लाख. मुदत ठेव मोडून आणि उसाच्या बिलातून सव्वादोन लाख. ताईच्या दागिन्यांवर दीड लाख. आणि आमच्या गटातून अंतर्गत कर्ज एक लाख, बैठकीत ठराव करून, सगळ्यांच्या सह्यांनी. सातबारा पेटीतच राहिला.

बँकेच्या कर्जाचा हप्ता शिक्षण संपून एक वर्ष झाल्यावर सुरू होईल. तोवर व्याज चढतं हे विसरू नका. साडेसात लाखांवर शेकडा वर्षाला अकरा धरलं तर वर्षाचे ८२,५०० होतात. जमेल तसं व्याज आधीपासून भरलं तर ओझं कमी होतं. ताई महिन्याला थोडं थोडं भरते आहे.

गेल्या सप्टेंबरात पोरगी गेली. तिथं विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. ती विद्यापीठाच्याच प्रयोगशाळेत काही तास काम करते. दुसऱ्या वर्षाचा खर्च थोडा त्यातून, थोडा घरातून जुळवायचा आहे. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला दीड वर्ष राहायची परवानगी मिळते. सगळं सुरळीत झालं असं आम्ही म्हणणार नाही. पहिल्या थंडीत पोरगी फोनवर फार रडली. ताईही इकडं पदर डोळ्याला लावून बसायची. कर्ज अजून फिटायचं आहे. पण दर रविवारी फोन येतो आणि हल्ली ती पहिलं विचारते, "आई, खालच्या पट्टीतलं पाणी उतरलं का? चर खणायचा म्हणत होते ना बाबा?" आईने तिच्या सांगण्यावरून त्या पट्टीतली माती तपासून घेतली आहे.

तर तायांनो, घरात कोणी परदेशी शिकायचं नाव काढलं तर हसू नका आणि घाईने सहीही करू नका. निदान दीड वर्ष आधी तयारीला लागा. आधार, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि पासपोर्ट यांवरचं नाव एक आहे का ते या आठवड्यातच बघा. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला यांसाठी जाहिरातीची वाट बघू नका. आणि ते पाच प्रश्न गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. कॉलेज कोणाचं? फी किती आणि राहण्याचा खर्च किती? मधल्या माणसाला कशाचे पैसे? कर्ज कोणाचं आणि कशावर? जमलं नाही तर काय?

तुमच्या गटातल्या एखाद्या मुलीला जायचं असेल तर पुढच्या मासिक बैठकीत तिला बोलवा. मोबाईल तिला घेऊ द्या, वही तुम्ही घ्या. तिच्या आईला एकटीला कागद वाचत बसवू नका.

पुढच्या वेळी भेटू. तोवर नमस्कार.